‘फेथफुली’ची जागा

२० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बराक ओबामा अध्यक्षपदाची शपथ घेत होते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स शपथेचा एकेक तुकडा सांगत होते आणि ओबामा त्यांच्या मागून म्हणत होते. अमेरिकेच्या राज्यघटनेतली ही शपथ अवघ्या ३५ शब्दांची आहे. तिच्यात ‘दॅट आय विल फेथफुली एक्झिक्यूट’ असे शब्द आहेत, म्हणजे अध्यक्षपदाचा कारभार मी निष्ठेने करीन. रॉबर्ट्स यांच्या तोंडून ‘फेथफुली’ आपल्या जागेवरून निसटलं आणि वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन पडलं. ओबामा थबकले. रॉबर्ट्स यांनी दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला, पण अखेर ओबामांनी ‘फेथफुली’ शेवटी ठेवूनच ते वाक्य पूर्ण केलं. कायदेशीर शंकेला जागा राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये शपथविधी पुन्हा झाला.

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्याच आठवड्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं, की या गोंधळाचं मूळ एका जुन्या समजुतीत असावं. इंग्रजी क्रियापदाच्या दोन शब्दांमध्ये क्रियाविशेषण घालू नये, ही ती समजूत. पुण्यात दिवाणी वकिली करणारे नानामामा ती समजूत आजही मानतात. त्यांची भाची मुग्धा भाषाविज्ञान शिकवते आणि तिचं मत नेमकं उलटं आहे. प्रश्न इंग्रजीचा असला तरी आपली संविधानातली शपथ, फौजदारी कायदा आणि रोजचे करारनामे त्याच्याशी बांधलेले आहेत. म्हणून या दोघांचं म्हणणं सविस्तर ऐकण्यासारखं आहे.

नानामामा : शपथेतले शब्द घटनेत लिहिलेले आहेत, ते तसेच म्हटले पाहिजेत. त्याबद्दल वाद नाही. पण पिंकर ज्याला गैरसमज म्हणतात, तो मला शहाणपणा वाटतो. ‘विल एक्झिक्यूट’ हे दोन शब्द मिळून एक क्रियापद होतं. मी वकिली सुरू केली तेव्हा माझ्या सीनियरांनी माझा पहिला मसुदा वाचून सांगितलं होतं, क्रियापद फोडायचं नाही. माझ्या करारनाम्यांत तुला ‘शॅल प्रॉम्प्टली पे’ सापडणार नाही, ‘शॅल पे प्रॉम्प्टली’ सापडेल.

मुग्धा : मामा, तो नियम मुळात कशाबद्दल होता ते आधी पाहू. इंग्रजीत असा एक जुना वाद आहे खरा, पण तो ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये शब्द घालण्याबद्दलचा आहे. ‘टू’ला चिकटून येणाऱ्या क्रियारूपाला इन्फिनिटिव्ह म्हणतात. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी ‘अ प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश’ या १८६४ च्या पुस्तकात ते फोडण्यावर आक्षेप घेतला, आणि पुढे तो शाळाशाळांत नियम म्हणून शिकवला जाऊ लागला. ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्याशी त्या वादाचा काही संबंध नव्हता. एका जागेबद्दलची भीती शेजारच्या जागेवरही पसरली. हेन्री फाउलर यांनी १९२६ साली आपल्या कोशात हेच दाखवून दिलं, की ‘टू’जवळची फूट टाळायच्या धास्तीने लोक सहाय्यक क्रियापदानंतरची अगदी स्वाभाविक जागाही टाळू लागले आहेत. आणि तुम्ही शाळेत ज्या पुस्तकावरून इंग्रजी शिकलात, त्यात काय लिहिलंय?

नानामामा : रेन आणि मार्टिन? ते अजून माझ्या कपाटात आहे. पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, हे तुला माहीत असेलच.

मुग्धा : त्याच पुस्तकात ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’ अशा शब्दांची जागा सांगितली आहे. क्रियापद एकाच शब्दाचं असेल तर हे शब्द कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये येतात. क्रियापद एकाहून जास्त शब्दांचं असेल तर पहिल्या शब्दानंतर येतात. म्हणजे ‘शी हॅज ऑफन हेल्प्ड मी’. तुमचं क्रियापद तुमच्याच पुस्तकाने फोडायला सांगितलंय.

नानामामा : अर्धंच सांगतेस. क्रिया कशी घडली हे सांगणाऱ्या शब्दांबद्दल तेच पुस्तक म्हणतं, की ते क्रियापदानंतर येतात, आणि कर्म असेल तर कर्मानंतर. ‘फेथफुली’ हा रीत सांगणाराच शब्द आहे. म्हणजे रॉबर्ट्स यांचा कान पुस्तकाप्रमाणेच चालला.

मुग्धा : साध्या वाक्यात ते चालतं, कारण तिथे क्रियापद एकच असतं. शब्द आधी ठेवा, मध्ये ठेवा, शेवटी ठेवा, तो त्याच एका क्रियापदाकडे जाणार. पण शपथ हे साधं वाक्य नाही. ‘मी शपथ घेतो’ हे मुख्य वाक्य आणि ‘की मी अमुक करीन’ हे गौणवाक्य. आता क्रियापदं दोन झाली आणि क्रियाविशेषण कुणाचं, हा प्रश्न उभा राहिला. तुमच्या कोर्टातलंच घ्या. साक्षीदाराच्या जबानीत ‘क्लिअरली’ हा शब्द लिहायचा आहे. ‘द विटनेस क्लिअरली सेड दॅट ही हॅड सीन द अक्यूज्ड’ असं लिहिलं तर साक्षीदाराचं सांगणं स्पष्ट. ‘क्लिअरली’ अगदी शेवटी ठेवला तर पाहणं स्पष्ट. आणि ‘दॅट’ गाळून ‘द विटनेस सेड क्लिअरली ही हॅड सीन’ असं लिहिलं तर?

नानामामा : तर समोरचा वकील तासभर त्याच्यावर बोलेल.

मुग्धा : कारण तो शब्द दोन क्रियापदांच्या बरोबर मध्ये सापडला. मागे ‘सेड’ आणि पुढे ‘हॅड सीन’, तो दोघांकडेही बघतो. इंग्रजी व्याकरणकार त्याला ‘स्क्विंटिंग मॉडिफायर’ म्हणतात. ‘पीपल हू रीड क्विक्ली फर्गेट’ या वाक्यात लोक भरभर वाचतात की भरभर विसरतात, हे कळायला मार्ग नाही. म्हणजे दोन वेगवेगळ्या वाक्यांतल्या क्रियापदांच्या मधली जागा धोक्याची आहे. पण एकाच गौणवाक्यातलं सहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मधली जागा सर्वांत सुरक्षित आहे. ‘ही हॅड क्लिअरली सीन’ यात शब्दाच्या दोन्ही बाजूंना गौणवाक्याचाच पहारा आहे. ‘सेड’चा हात तिथपर्यंत पोचत नाही.

नानामामा : पोचत नाही हे कबूल. पण ‘ही हॅड क्लिअरली सीन’ याचे दोन अर्थ होतात. एक, त्याला नीट दिसलं. दुसरा, त्याने पाहिलं होतं हे उघडच आहे. फौजदारी खटल्यात या दोन अर्थांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्यात प्रकाश होता, अंतर कमी होतं, ओळख पटली. दुसऱ्यात यातलं काहीच सिद्ध होत नाही, फक्त कुणाचा तरी अंदाज सांगितला जातो. मी ‘सीन द अक्यूज्ड क्लिअरली’ असं लिहिलं असतं तर ही शंकाच आली नसती.

मुग्धा : हे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं स्वीकारते. ‘क्लिअरली’, ‘नॅचरली’, ‘ऑनेस्टली’ हे शब्द दुहेरी काम करतात. कधी ते क्रियेची रीत सांगतात, कधी बोलणाऱ्याचं मत सांगतात. मधल्या जागेत दोन्ही कामं शक्य असतात, शेवटच्या जागेत सहसा रीतच उरते. तेव्हा अशा शब्दासाठी शेवटची जागा घ्यावी. पण ती अर्थासाठी घ्यावी, क्रियापद अखंड राहावं म्हणून नव्हे. ‘फेथफुली’ला असं दुहेरी काम नाही.

नानामामा : तरी क्रियापदाचे तुकडे होतातच ना? आपल्या मंत्र्यांची मराठी शपथ ऐक. कर्तव्ये ‘निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने पार पाडीन’. क्रियापद शेवटी, अखंड, ठाम. प्रत्येक शपथविधीत ते वाक्य कानावर पडतं आणि त्यात कुठे अडखळायला होत नाही.

मुग्धा : त्यात अडखळायला होत नाही, कारण क्रियाविशेषण आपल्या क्रियापदाला लागून आहे. मराठीत कर्म आधी येतं, मग क्रियाविशेषण, मग क्रियापद. इंग्रजीत कर्म क्रियापदानंतर येतं आणि ते लांबलचक असू शकतं. ‘फेथफुली’ शेवटी टाकलं की ते आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या मध्ये ‘द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ एवढा सगळा मजकूर येतो. मराठीत निष्ठा आणि पार पाडणं एकमेकांना चिकटून आहेत. इंग्रजीत तसं चिकटून ठेवायचं असेल तर ‘फेथफुली एक्झिक्यूट’ हीच जागा आहे. अंतर पडतं ते ‘विल’शी, आणि ‘विल’ हा फक्त काळ आणि निर्धार सांगणारा शब्द आहे.

नानामामा : म्हणजे तुझ्या मते फूट पडतच नाही?

मुग्धा : निदान क्रियाविशेषण तरी कुठे घुसत नाही. ‘शी ऑफन हेल्प्स’ आणि ‘शी हॅज ऑफन हेल्प्ड’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत ‘ऑफन’ मुख्य क्रियापदाच्या लगेच आधी आहे. त्याने जागा बदललेली नाही. ‘हॅज’ हा शब्द त्याला ओलांडून पुढे गेलाय. फ्रेंच भाषेत साधं मुख्य क्रियापदही असं पुढे जातं, म्हणून तिथे ‘मदत करते वारंवार आईला’ अशा क्रमाने वाक्य होतं. इंग्रजीत तसं होत नाही. झाँ-ईव्ह पोलॉक यांनी १९८९ च्या एका गाजलेल्या निबंधात या फरकाची उपपत्ती मांडली. जुन्या इंग्रजीतही मुख्य क्रियापद पुढे जात असे. शेक्सपिअरच्या काळी ‘आय नो नॉट’ म्हणत, आज ‘आय डू नॉट नो’ म्हणतात. मुख्य क्रियापदाने पुढे जाणं सोडलं, सहाय्यकाने सोडलं नाही. मधे जी जागा दिसते ती त्यातून तयार झालेली आहे.

नानामामा : हे गौणवाक्यातही तसंच?

मुग्धा : इंग्रजीत तसंच, आणि ही शिकणाऱ्याची मोठी सोय आहे. इंग्रजीच्या नात्यातल्या भाषा तशा नाहीत. स्वीडिशमध्ये मुख्य वाक्यात नकार पहिल्या क्रियापदानंतर येतो आणि गौणवाक्यात त्याच्या आधी. स्वीडिश शिकणाऱ्यांना हे एका सूत्राने पाठ करावं लागतं. जर्मनमध्ये गौणवाक्यातली सगळी क्रियापदं शेवटी एकत्र जातात, मग त्यांच्या मध्ये ‘काल’ किंवा ‘नेहमी’ बसूच शकत नाही. तुम्हाला जे अखंड क्रियापद हवंय ते जर्मन गौणवाक्यात मिळेल. इंग्रजीचा तो स्वभाव नाही.

नानामामा : स्वभाव मान्य केला तरी कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांनी माझाच मार्ग धरलेला दिसतो. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या कलम ३७८ मध्ये चोरीची व्याख्या होती, तीच आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ मध्ये आली आहे. शब्द आहेत ‘इंटेंडिंग टू टेक डिसऑनेस्टली एनी मूव्हेबल प्रॉपर्टी’. अप्रामाणिकपणे हा शब्द ‘टेक’च्या नंतर आलाय. ‘टू’ आणि ‘टेक’ एकत्र राहिले.

मुग्धा : हे उदाहरण फार चांगलं आहे, कारण तिथे तीन जागा मोकळ्या होत्या. ‘इंटेंडिंग डिसऑनेस्टली टू टेक’ असं लिहिता आलं असतं. त्यात अप्रामाणिकपणा इराद्याचा की घेण्याचा, हे कळलं नसतं, कारण शब्द दोन क्रियापदांच्या मध्ये आला असता. ‘टू डिसऑनेस्टली टेक’ असंही लिहिता आलं असतं, त्यात अर्थ एकच निघाला असता. आणि तिसरी जागा त्यांनी निवडली ती. आता तिसरीकडे नीट पाहा. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये सहसा काहीही घालत नाहीत. ‘ही टुक क्विक्ली द बुक’ असं कुणी म्हणत नाही. इथे कर्म लांब आहे आणि त्याच्यामागे कुणाच्या ताब्यातून, कुणाच्या संमतीशिवाय, असं बरंच काही जोडलेलं आहे, म्हणूनच ते चाललं. क्रियाविशेषण पार शेवटी ठेवलं असतं तर ते संमतीला जाऊन चिकटलं असतं. आल्फर्ड यांचं पुस्तक यायच्या आधी या लोकांनी ही जागा निवडली. क्रियापद अखंड ठेवणं हा त्यांचा हेतू असेल किंवा नसेल, पण ‘डिसऑनेस्टली’ हा शब्द ‘टेक’चाच राहिला पाहिजे, याची काळजी त्या रचनेत दिसते. चोरी आणि उचलून ठेवणं यांतला फरक त्या एका शब्दावर तोललेला आहे.

नानामामा : तो शब्द गेला तर शेजाऱ्याची छत्री चुकून उचलणाराही गुन्हेगार ठरेल, हे खरं. पण मग हेही ऐक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर त्याच २००९ साली एक खटला आला. एका स्थलांतरित कामगाराने नोकरीसाठी बनावट ओळख क्रमांक दिले आणि ते दुसऱ्या खऱ्या माणसांचे निघाले. कायद्यात लिहिलं होतं, की जो ‘नोइंग्ली’, म्हणजे जाणूनबुजून, दुसऱ्या व्यक्तीचं ओळखीचं साधन हस्तांतरित करतो, बाळगतो किंवा वापरतो, त्याला दोन वर्षांची जादा शिक्षा. सरकार म्हणालं, त्याने जाणूनबुजून वापरलं एवढं पुरे. बचाव पक्ष म्हणाला, ते दुसऱ्या माणसाचं आहे हेही त्याला माहीत असायला हवं. मे महिन्यात न्यायालयाने बचावाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे क्रियाविशेषण क्रियापदाच्या बरोबर आधी, अगदी तुझ्या आवडत्या जागी होतं, तरी ते किती लांब पोचतं यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. तुझ्या जागेची हमी कसली?

मुग्धा : त्या भांडणात कोण काय म्हणत होतं ते पाहा. ‘नोइंग्ली’ क्रियापदांना लागतं याबद्दल कुणाचीही शंका नव्हती. तिन्ही क्रियापदांना लागतं, याबद्दलही नव्हती. वाद होता तो पुढच्या मजकुरात ते कुठवर जातं याचा. इंग्रजीत क्रियापदाआधीचं क्रियाविशेषण पुढे बघतं. ते पुढच्या सगळ्या क्रियापदांना आणि त्यांच्या कर्मांना कवेत घेऊ शकतं. शेवटचं क्रियाविशेषण मागे बघतं आणि बहुतेक वेळा सर्वांत जवळच्या क्रियेलाच धरतं. लिहिणाऱ्याने आधी ठरवायचं, की मला लांबचा पल्ला हवा की जवळचा. त्या ठरवण्याचं काम जागा करते. मसुदा लिहिताना ते ठरवलं नाही तर न्यायालयाला ठरवावं लागतं.

नानामामा : आणि नकार असेल तेव्हा?

मुग्धा : तेव्हा तर जागाच सगळं ठरवते. ‘ही हॅड डेलिबरेटली नॉट डिस्क्लोज्ड’ म्हणजे त्याने हेतुपुरस्सर माहिती दडवली. ‘ही हॅड नॉट डेलिबरेटली डिस्क्लोज्ड’ म्हणजे माहिती बाहेर गेली असेल, पण त्याने ती मुद्दाम दिलेली नव्हती. शब्द तेच आहेत, फक्त ‘नॉट’ आणि ‘डेलिबरेटली’ यांची अदलाबदल झाली आणि आरोप उलटा झाला. मराठीत आपण ‘त्याने मुद्दाम माहिती दिली नाही’ म्हणतो. नकार शेवटी असतो आणि अर्थ आवाजाच्या चढउतारावर, नाहीतर मागच्यापुढच्या वाक्यांवर सोपवलेला असतो. साक्षीदार तुमच्यासमोर मराठीत बोलतो आणि त्याच्या जबानीचं इंग्रजी होतं, तेव्हा मराठीत जे मोघम होतं त्याची इंग्रजीत निवड करावी लागते. हे दोन शब्द कोणत्या क्रमाने लिहायचे, हे ठरवणाऱ्याच्या हातात त्या माणसाची बाजू असते.

नानामामा : हे तू बरोबर सांगतेस. अशी भाषांतरं मी पाहिली आहेत आणि उलटतपासणीत त्यावरून वेळ गेलेलाही पाहिला आहे. पण माझा खरा आक्षेप अजून बाकी आहे. एका शब्दाचं मी समजू शकतो. मात्र ‘शॅल’ आणि ‘व्हेकेट’ यांच्या मध्ये ‘नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत’ एवढा मजकूर लोक कोंबतात. भाडेकरू बिचारा ‘शॅल’ वाचतो आणि काय करायचं आहे हे कळायला दोन ओळी थांबतो. गौणवाक्य असेल तर त्याहून वाईट. आधीच तो ‘दॅट’ ओलांडून आलेला असतो, मुख्य वाक्याचं क्रियापद त्याच्या डोक्यात असतं, नवा कर्ता आलेला असतो, आणि आता क्रियापद अर्धंच हाती येतं. कायदा लोकांसाठी असतो. त्यांना एका वाचनात कळलं पाहिजे.

मुग्धा : लांब मजकुराबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. मधली जागा मुळात छोट्या शब्दांची आहे. एक शब्द, फार तर दोन जोडलेले शब्द. मुदत, ठिकाण, अटी यांनी शेवटी जावं, नाहीतर अगदी सुरुवातीला यावं.

नानामामा : मग आपल्या राष्ट्रपतींच्या शपथेचं काय करशील? अनुच्छेद ६०. ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’ हे अमेरिकेसारखंच. पण त्यापुढे ‘अँड विल टू द बेस्ट ऑफ माय अॅबिलिटी प्रिझर्व्ह, प्रोटेक्ट अँड डिफेंड’ असं आहे. ‘विल’ आणि ‘प्रिझर्व्ह’ यांच्या मध्ये सहा शब्द. तुझ्याच नियमाने हे शेवटी जायला हवं.

मुग्धा : शेवटी नेऊन पाहू. ‘मी संविधान आणि कायदा यांचं जतन, रक्षण आणि संरक्षण करीन’ एवढं इंग्रजीत आधी येईल, आणि त्यानंतर ‘टू द बेस्ट ऑफ माय अॅबिलिटी’. ऐकणाऱ्याला ते शब्द ‘डिफेंड’शी जोडलेले वाटतील. जणू जतन आणि रक्षण कसंही चालेल, फक्त संरक्षण पूर्ण क्षमतेने करायचं. शिवाय आपल्या शपथेत अमेरिकेपेक्षा एक वचन जास्त आहे. त्यानंतर लगेच ‘अँड दॅट आय विल डिव्होट मायसेल्फ’ येतं, भारताच्या जनतेच्या सेवेला आणि कल्याणाला वाहून घेण्याचं. शेवटी नेलेले शब्द या दोन वचनांच्या मध्ये येतील, आणि नुसतं ऐकणाऱ्याला ते कोणत्या वचनाचे हे सांगता येणार नाही. आता ते जिथे आहेत तिथून तिन्ही क्रियापदांवर त्यांची सत्ता आहे, आणि पुढच्या ‘दॅट’पाशी ती थांबते. लांबी आहे खरी, पण तिच्या बदल्यात नेमकेपणा मिळतो.

नानामामा : न्यायाधीशांच्या शपथेतही तसंच आहे. ‘विल ड्यूली अँड फेथफुली’, त्यानंतर आपल्या क्षमतेनुसार, ज्ञानानुसार, विवेकानुसार असं सगळं, आणि मग ‘परफॉर्म’. मंत्र्यांच्या शपथेत ‘विल फेथफुली अँड कॉन्शिएन्शियसली डिस्चार्ज’. तिसऱ्या अनुसूचीत हे सगळीकडे आहे.

मुग्धा : उद्देशिकेतसुद्धा आहे. ‘हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ह्ड’, आणि पुढे ‘डू हिअरबाय अॅडॉप्ट, एनॅक्ट’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तयार केलेलं आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेलं हे संविधान. देशाने स्वतःशी केलेल्या प्रतिज्ञेत क्रियापद दोनदा फुटलं आहे. उद्देशिकेत क्रियाविशेषण बाजूला सारलं असतं तर निर्धार गंभीर आहे, हे कुठेतरी टोकाला सांगितलं गेलं असतं. आत्ता गांभीर्य निर्धाराच्या आतच आहे.

नानामामा : ठीक आहे. माझ्या हाताखालच्या मुलांना मी यापुढे ‘क्रियापद फोडू नका’ असं सांगणार नाही. पण त्याऐवजी ‘मध्येच ठेवा’ असंही सांगणार नाही, कारण तोही पाठ करायचा नियमच झाला. मी त्यांना विचारायला लावेन. वाक्यात क्रियापदं किती आहेत? हा शब्द त्यांतल्या कुणाचा? एकाचा की ओळीने येणाऱ्या सगळ्यांचा? नकार असेल तर तो याच्या आधी की नंतर? रीत सांगायची आहे की आपलं मत? एवढ्या प्रश्नांची उत्तरं देऊनही वाक्य दोन अर्थांचं राहिलं, तर शब्द हलवत बसू नका, वाक्य मोडून दोन वाक्यं करा. हा शेवटचा सल्ला मात्र मी कुणाच्याही सांगण्यावरून सोडणार नाही.

मुग्धा : तो सोडूही नका. शपथ मोडून दोन वाक्यांत घेता येत नाही, करारनाम्याला ती मोकळीक आहे. आणि तुमचे हे प्रश्न नुसते वकिलांपुरते ठेवू नका, मामा. आपल्याकडे मराठी माध्यमातल्या मुलांना क्रियाविशेषणाची जागा शिकवायची म्हणजे एकटं वाक्य देतात, एक रिकामी जागा देतात आणि ‘ऑल्वेज’ भरायला सांगतात. एकट्या वाक्यात चुकायला फारसा वावच नसतो, म्हणून मुलांना वाटतं ही नुसती इंग्रजांची सवय आहे, पाठ केली की झालं. त्यांना पहिल्यापासून ‘दॅट’ आणि ‘हू’ असलेली, दोन-दोन क्रियापदांची वाक्यं द्यायला हवीत. साक्षीदार स्पष्ट बोलला की त्याला स्पष्ट दिसलं, लोक भरभर वाचतात की भरभर विसरतात, हे एकदा मुलांनी स्वतः शब्द हलवून पाहिलं, की त्या जागेमागचं कारण त्यांना कळेल. कारण कळलेलं मूल नियम विसरलं तरी वाक्य बरोबर लिहील.

नानामामा : आणि पुढे कधी ते न्यायाधीशाच्या किंवा मंत्र्याच्या जागी उभं राहिलं, तर आपण कोणत्या शब्दाने कशाला बांधले जातोय, हे शपथ घेताना त्याला ठाऊक असेल.